भाऊंचं शेजारखातं

भाऊंचं खरं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर कोणीतरी त्यांना वाचून दाखवेल, आणि लगेच मला फोन येईल, "पोरी, माझं नाव छापलंस, त्याची पोच कुठं हाय?" तेव्हा भाऊच बरे.

साजगावला आमची कंपनी रंगाचे डबे बनवते. म्हणजे रंग दुसऱ्यांचा, डबा आमचा. मी पर्चेसला. माझ्या खुर्चीच्या पाठीमागे एक दार होतं, त्यावर खडूने लिहिलेलं 'टपाल', आणि आत तीन वस्तू होत्या: भाऊ, लिनक्सचा मेल सर्व्हर, आणि त्या सर्व्हरवर उघडून ठेवलेली छत्री. पूर्वी त्या जागी छत गळायचं. छत केव्हाच दुरुस्त झालं, छत्री मात्र एप्रिल-मेमध्येसुद्धा उघडीच. मी एकदा मिटायला गेले तर भाऊ ओरडले, "राहू दे गं! तिला सवय झालीय. बावरंल ती."

ती म्हणजे सर्व्हर. भाऊंच्या लेखी सर्व्हर बाई होती, आणि बाई वयस्कर असल्यामुळे तिच्याशी मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती.

आधी भाऊ कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर होते. पाकिटं, तिकिटं, डिंक, रबरी शिक्का. मग पुण्याच्या हेड ऑफिसने एक मशीन पाठवलं आणि सांगितलं, यापुढे पत्रं यातून जातील. मशीन बसवणारा माणूस आठवड्याभरात दुसरीकडे लागला. जाताना एक वही ठेवून गेला. ती वही भाऊंनी पाठ केली. अक्षरशः पाठ. कमांड म्हणताना डोळे मिटून घ्यायचे आणि शेवटी हात जोडायचे. वहीत जे नव्हतं ते त्यांनी आवक-जावकच्या टेबलावरून आणून मशीनमध्ये घातलं. म्हणून आमचा सर्व्हर बाहेरून लिनक्स होता आणि आतून टपाल कार्यालय.

रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मालकाच्या हक्काने, लॉगिन करायचं तर आधी चपला दाराबाहेर. "रूट म्हंजे गाभारा. पायताण घालून कोन शिरतो रं गाभाऱ्यात?" मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. समोर एका सिमेंटवाल्याचं कॅलेंडर होतं, त्यावर हसणारी बाई. तिलासुद्धा उलटी करून ठेवायचे. मी म्हटलं, "भाऊ, ती छापलेली आहे." तर म्हणाले, "नजर बघ की तिची."

भाऊंची नक्कल करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. मान जरा डावीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा, "मेल गेली म्हंजे पोचली नाय! पोच घेतलीस का?" कँटीनमध्ये दुपारच्या जेवणाला रोज एकदा फर्माईश व्हायची. एके दिवशी मी रंगात आलेली, समोरचे हसता हसता अचानक डाळीत बघायला लागले. मागे भाऊ. हातात ताट. मला वाटलं, गेली नोकरी.

भाऊ म्हणाले, "'पोच'वर जोर कमी पडतोय. पोटातनं काढ." मग स्वतः काढून दाखवला. मग माझ्याकडून तीनदा करून घेतला. तिसऱ्या वेळी मान हलवली आणि बाजूला बसून जेवले. तेव्हापासून नक्कल करण्यातली सगळी मजाच गेली.

आता त्यांचं शेजारखातं. हे समजलं की पुढचं सगळं समजतं.

मेल सर्व्हरमध्ये टोपणनावांची एक फाईल असते. एलियास म्हणतात. म्हणजे समजा 'बस' या पत्त्यावर मेल आली, तर 'बस' नावाचा कोणी माणूस नसतो, म्हणून फाईलमध्ये लिहून ठेवायचं: बसची मेल ट्रान्सपोर्टच्या दिनेशला द्या. सरळ काम आहे. भाऊंनी त्याला गावाची रीत लावली. पोस्टमन आला आणि घराला कुलूप असलं तर पत्र शेजारी देतो ना, तसंच. कोणी रजेचा अर्ज घेऊन आलं की भाऊ पहिला प्रश्न विचारायचे, "शेजारी कोन?" तुम्ही नाव सांगायचं. तुमची मेल त्या शेजाऱ्याकडे वळायची. परत आलात की टपालात यायचं, भाऊंसमोर उभं राहून म्हणायचं, "भाऊ, मी आलो," की ते तुमची ओळ काढून टाकायचे.

जाताना सगळे यायचे. आल्यावर कोणी यायचं नाही.

त्यामुळे भाऊंच्या फाईलमध्ये अर्धी कंपनी कायम रजेवर होती. समोर बसून वडापाव खाणारा माणूस फाईलमध्ये गेल्या गणपतीपासून गावाला. आणि भाऊ स्वतःहून ओळ काढणार नाहीत. मी सांगितलं, "भाऊ, तो बघा तिथे बसलाय, दिसतोय." तर म्हणाले, "मला दिसून काय उपेग? त्यानं सांगाया पायजे." लोकांनाही सवय झालेली. टाइम ऑफिसातली वैशाली मधूनच ओरडायची, "दिनेश, तुझ्या मेहुण्याची मेल आलीय माझ्याकडे, नारळ शंभर सांगू का दीडशे?" दिनेश पलीकडून म्हणायचा, "दीडशे!" चाललेलं होतं. कोणाचं काही गुपित उरलं नव्हतं एवढंच.

एक मात्र होतं. भाऊ स्वतः कोणाची मेल कधीच वाचायचे नाहीत. मजकूर स्क्रीनवर आला तर हाताने झाकायचे. "टपालवाल्यानं पाकीट बघायचं, पत्र नाय." या तत्त्वाचा मला फार आदर होता. एका शनिवारपर्यंत.

त्या शनिवारी सकाळी साडेदहाला बुधीबाय माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बुधीबाय पॅकिंगला, कोंडाण्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. त्या वाडीतल्या आणि आजूबाजूच्या अठरा बायका कंपनीच्या बसने यायच्या. कर्जत, पळसदरी, खोपोली करत. ती बस नसेल तर पहाटे चालत खाली उतरून, दोन वाहनं बदलून साडेसातला गेटवर पोचणं कोणालाच जमणार नाही, हे सगळ्यांना माहीत.

"बाय, डायवर काय सांगतो, सोमवारपासनं बस बंद," ती म्हणाली. "म्हनं पुन्यानं इचारलं, कोन येतं का बसनं, आन तुमी कोनी बोललाच नाय."

"कोणी विचारलं? कधी?"

"मंगळवारी म्हनं. मेल धाडली."

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस अगदी थंडपणे म्हणाला की 'बस' या पत्त्यावर मंगळवारी मेल पाठवली आहे, त्याच मेलला आज बारापर्यंत उत्तर हवं, उत्तर नाही म्हणजे बसची गरज नाही. मी म्हटलं, फोनवरच सांगते ना, अठरा जणी आहेत. तर म्हणाला, मॅडम, फोनवरचं कॉम्प्युटर धरत नाही. मी म्हटलं, मग मेल परत पाठवा. तर म्हणाला, पाठवणारे साहेब सुट्टीवर आहेत.

मी दिनेशकडे धावले. दिनेशला मंगळवारपासून एकही मेल नव्हती. वैशालीलाही नव्हती. स्टोअरच्या गणपतकाकांनाही नव्हती.

"मग चार दिवस तुम्ही कोणी बोलला का नाही?" मी विचारलं.

गणपतकाका म्हणाले, "मला वाटलं, देवानं ऐकलं."

आम्ही सगळे टपालाच्या दाराशी. भाऊंनी ऐकून घेतलं, शांतपणे चपला काढल्या, कॅलेंडर उलटं केलं, आम्हाला भिंतीकडे वळवलं. पासवर्ड झाला. मग लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची आवक-जावक वही, कुठली मेल किती वाजता आली, कुणाला दिली, सगळं त्यात. भाऊ बोट ठेवून एकेक ओळ वर जात होते. बुधवार. मंगळवार.

"आलीय," भाऊ म्हणाले. "मंगळवारी, अकरा वाजून चार मिंटं. आत आलीय, बाहेर गेली नाय."

"म्हणजे कुठे आहे?"

त्यांनी डोळे मिटून एक कमांड म्हटली, हात जोडले, एका बोटाने टाइप केली. अडकलेल्या मेलची रांग समोर आली. आणि पुण्याची मेल त्या रांगेत पहिली, तिच्यासमोर इंग्रजीत लिहिलेलं की टोपणनावं बहुतेक गोल फिरतायत. सर्व्हर दर थोड्या वेळाने ती द्यायला जात होता, फिरून फिरून दमत होता आणि परत रांगेत आणून ठेवत होता. चार दिवस.

"हे व्हनार नाय," भाऊ म्हणाले. "माझ्या फायलीत कोन गोल फिरंल? माणसं हायत ती."

मी म्हटलं, "भाऊ, फाईल उघडून बघूया."

"फाईल बघून काय कळतं? चालून बघाया पायजे." आणि ते उठले. पावणेअकरा झाले होते.

त्यांनी एका कागदाच्या चिठोऱ्यावर 'बस' लिहिलं, घडी घातली आणि बुधीबायच्या हातात दिली. "बाय, तू आता मेल."

"मी काय?"

"मेल. तुला दिनेशकडं जायचंय. जा." मग फायलीची छापील प्रत हातात घेऊन मागोमाग निघाले. "आन तुमी सगळी! फायलीत जे लिवलंय तेच बोलायचं. सोताचं डोकं लावायचं नाय."

बुधीबाय दिनेशच्या टेबलाशी गेली. "दिनेशभाऊ, घ्या ही."

दिनेशने हात पुढे केला तर भाऊंनी त्याच्या हातावर स्टीलची पट्टी मारली. "तू रजेवर हायस! होळीला गेलास, आल्याचं सांगितलं नायस. शेजारी वैशाली."

"मी रजेवर आहे," दिनेश म्हणाला. "वैशालीकडे जा."

वैशालीचं टेबल चार पावलांवर. बुधीबाय गेली. वैशालीने भाऊंकडे बघितलं. भाऊंनी प्रत बघितली. "भावाचं लगीन. शेजारी गणपतकाका."

"मी पण रजेवर आहे गं," वैशाली म्हणाली. "काकांकडे जा."

काका वैशालीच्या समोर. गेल्या सोमवारीच भाचीच्या साखरपुड्याला जाऊन आलेले. भाऊंनी प्रत बघितली आणि पहिल्यांदाच जरा अडखळले. "काका, शेजारी कोन सांगितलात?"

"दिनेश," काका म्हणाले. "चांगला पोरगा आहे."

बुधीबाय परत दिनेशकडे. दिनेश म्हणाला, मी रजेवर, वैशालीकडे जा. वैशालीने काकांकडे धाडली. काकांनी दिनेशकडे. भाऊ मागून चालत होते, आणि शपथेवर सांगते, थांबवत नव्हते. त्यांना वाटत होतं तिसऱ्या फेरीला कोणीतरी घरी सापडेल. तिसरी फेरी झाली. चौथी लागली. अकाउंट्सची माणसं खुर्च्या वळवून बघायला लागली. शिपाई म्हणाला, लग्न लागतंय का?

चौथ्या फेरीला बुधीबाय मधोमध उभी राहिली. चिठोरं मुठीत चुरगळलं.

"मेल्यांनो," ती म्हणाली, "तिघंबी हितंच बसलाय, एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून! आन माझी बस जातीय! कोन तरी एक घरला या ना रं!"

कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसले, पण तोंड भिंतीकडे करून.

अकरा वीस. दिनेश उठला, भाऊंसमोर हात बांधून उभा राहिला. "भाऊ, मी आलो." त्याच्यामागे वैशाली. "मी आले." मग काका. काकांना गुडघ्याचा त्रास, ते बसूनच म्हणाले, पण भाऊंनी चालवून घेतलं.

त्या वेळी भाऊंचा चेहरा मी पाहिला आणि मला त्यांची नक्कल करावीशी वाटली नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या टपालातून काही हरवलं नव्हतं. हरवलं तेही त्यांच्याच रीतीने, आणि ज्या बाईचं हरवलं ती समोर घाम पुसत उभी. ते खुर्चीत बसले. तिघांच्या ओळी काढल्या. मग बसच्या ओळीवर आले आणि थांबले.

"दिनेशवर सोडायची नाय," ते म्हणाले. "एकावर इसंबलो म्हनून झालं हे. आता गावालाच सांगू."

आणि 'बस'च्या पुढे त्यांनी एका बोटाने ऑफिसातल्या सगळ्यांची नावं टाकायला सुरुवात केली. आम्ही चौदा जण. प्रत्येक नाव टाकताना वर बघून खात्री करायचे, "तू हायस ना?" मी म्हटलं, "भाऊ, अकरा पस्तीस!" बुधीबाय दारात उभी राहून एकेक नाव मोजत होती, जणू भाकरीच थापल्या जातायत.

फाईल झाली. पण नुसती लिहून ठेवलेली फाईल सर्व्हरला कळत नाही, तिचं नवं पुस्तक बांधून द्यावं लागतं, त्याची एक वेगळी कमांड असते, आणि नव्वद टक्के लोक तीच विसरतात. भाऊ विसरले नाहीत. डोळे मिटले, म्हटली, जोडले, टाकली. मग दुसरी कमांड, रांग हलवायची.

चौदा टेबलांवर एकदम टिंग झालं. सर्व्हरबाईंना कसं वाटलं असेल माहीत नाही, पण छत्री हलल्यासारखी मला वाटली.

अकरा त्रेचाळीस. भाऊ पट्टी घेऊन बाहेर आले. "उत्तर द्या! सगळ्यांनी! अठरा! अठरा लिवा!"

मी मेल उघडली. त्यात लिहिलं होतं, प्रत्येक विभागाने आपापल्या विभागातील बसने येणाऱ्या कामगारांची संख्या कळवावी, हेड ऑफिस एकूण बेरीज करेल. मी म्हटलं, "भाऊ, हे विभागवार मागतायत, अठराही पॅकिंगच्या—"

"मजकूर मला सांगू नको!" भाऊंनी कानावर हात ठेवले. "मी पत्र ऐकत नाय. अठरा हायत का नाय?"

"आहेत, पण—"

"बुधीबाय, किती जनी?"

"अठरा!" दारातून आवाज आला.

"मंग लिव!" आणि पट्टी माझ्या टेबलावर आपटली. समोर बुधीबायचा चेहरा, वर घड्याळात अकरा पन्नास. मी अठरा लिहिलं. दिनेशने लिहिलं. वैशालीने लिहिलं. अकाउंट्सच्या साहेबांनी, ज्यांनी जन्मात ती बस पाहिली नव्हती, त्यांनीही लिहिलं. गणपतकाकांनी चष्मा सापडेना म्हणून शेवटी, बारा वाजायला दोन मिनिटं असताना लिहिलं. भाऊ प्रत्येकाच्या डोक्याशी उभे राहून पाठवलेलं बघत होते, मजकुरावर तळहात ठेवून, फक्त आकडा उघडा.

बुधीबायने सगळ्यांना चहा आणला. भाऊंच्या कपात साखर इतकी की चमचा उभा राहावा. भाऊंना साखर वर्ज्य होती. प्यायले.

सोमवारी सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. बुधीबाय. तिच्या मागे हॉर्नचा गलका.

"बाय, कोनाची वरात हाय गं?"

"कसली वरात?"

"वाडीच्या खाली सा बशी उभ्या हायत. येकामागं येक. म्हशी पन घाबरल्या."

मी अंथरुणात बसून हिशेब केला. चौदा गुणिले अठरा, दोनशे बावन्न. पन्नास माणसांची एक बस. पाच बस भरतात आणि दोन माणसं उरतात. त्या दोघांसाठी सहावी.

पुढचं थोडं बुधीबायकडून ऐकलं, थोडं मी गेटवर पाहिलं. प्रत्येक ड्रायव्हर म्हणाला, माझी गाडी रिकामी कशी नेऊ, साहेब विचारतील, कोणीतरी बसा. मग बायकांनी आपसात वाटण्या केल्या, एका बसला तीन. अशा सहा बस कर्जतच्या नाक्यावरून ओळीने निघाल्या, खोपोलीत लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायला लागले. आमच्या वॉचमनला वाटलं मोर्चा आला, त्याने गेट लावून घेतलं आणि आत जाऊन लपला. बंद गेटासमोर सहा बस, आणि त्यांतून एकूण अठरा बायका उतरल्या. एकीच्या गालावर सीटच्या शिवणीची नक्षी उठली होती.

भाऊ गेटच्या आतून गजांना धरून बघत होते. मी म्हटलं, "बघा! मी सांगत होते, मजकूर वाचा!"

भाऊ म्हणाले, "एकपन ऱ्हायली नाय ना मागं?"

मंगळवारी पुण्याहून मेल आली. 'बस' या पत्त्यावर. परत चौदा टिंग. मजकूर एका ओळीचा: प्रत्यक्षात किती बस लागतात ते कळवावे. मी मान वर केली तर बारा-तेरा जण उत्तर टाइप करायच्या बेतात. सगळे मनाने चांगले, सगळे लिहिणार, एक.

"कोनी हात लावायचा नाय!" बुधीबाय किटली घेऊन दारात होती. तिला काय आलंय ते कळलं नव्हतं, पण ते चौदा टिंग तिने ओळखले होते. "हात वर! सगळ्यांनी!"

चौदा माणसांनी हात वर केले. अकाउंट्सच्या साहेबांनीसुद्धा. भाऊ टपालातून बाहेर आले, परिस्थिती बघितली आणि त्यांनीही केले.

आता लिहायचं कोणी, यावर वाद. दिनेश म्हणाला माझं काम आहे, वैशाली म्हणाली तुझ्यावर भरवसा नाही, काका म्हणाले माझे हात दुखतायत, लवकर ठरवा. शेवटी भाऊ म्हणाले, "जिची बस तिनंच लिवावं." बुधीबायला माझ्या खुर्चीत बसवलं. तिने पदराला हात पुसले. मी एकाचं बटण दाखवलं. तिने ते एका बोटाने, अगदी हळू, चुलीवरचं भांडं गरम आहे का बघावं तसं दाबलं. मग पाठवायचं. भाऊ मागे उभे होते, हात अजून वरच.

बुधवारी एकच बस आली. अठराजणी उतरल्या, कोणाची वेणी सुटलेली, कोणाचा डबा दुसरीच्या पिशवीत. बुधीबाय सरळ टपालाच्या दारात.

"भाऊ, येकच धाडली व्हय?"

भाऊ गोंधळले. "बाय, तूच तर लिवलंस. आन आधीबी एकच होती की."

"आधीचं आधी," बुधीबाय म्हणाली. "सोमवारी मी झोपून आलेली."